पाटी एक, यंत्र दुसरे: जुन्या मॅसी फर्ग्युसन ३५ चे प्रकरण

पार्श्वभूमी

एका फळबागेच्या मालकाने बागेतले गवत कापण्यासाठी जुना डिझेल ट्रॅक्टर घेतला. मालकाचे नाव आणि ठिकाण इथे दिलेले नाही. यंत्राचा तपशील मात्र आहे तसाच ठेवला आहे, कारण सगळा गुंता त्या तपशिलातच होता.

ट्रॅक्टर होता मॅसी फर्ग्युसन ३५. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून हे मॉडेल १९५६ मध्ये 'फर्ग्युसन एफई ३५' या नावाने बाहेर पडले. १९५७ च्या अखेरीस त्याला लाल-करडा रंग आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव मिळाले, आणि १९६४ मध्ये १३५ मॉडेलने त्याची जागा घेतली. या सात-आठ वर्षांत वरून जवळजवळ सारखाच दिसणारा ट्रॅक्टर आतून बराच बदलला. सुरुवातीच्या डिझेल ट्रॅक्टरांना स्टँडर्ड कंपनीचे '२३सी' हे चार सिलिंडरचे इंजिन असे. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८४.१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिमी आणि क्षमता सुमारे २.२६ लिटर. १९५९ च्या अखेरीपासून त्या जागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन आले: बोअर ९१.४ मिमी, स्ट्रोक १२७ मिमी, क्षमता २.५ लिटर. ताकद दोन्हींची ३७ अश्वशक्तीच्या आसपास. पण पिस्टन, लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नळी), गॅस्केट यांतला एकही भाग एकाचा दुसऱ्याला बसत नाही. स्टँडर्डमध्ये लायनरला बाहेरून थेट पाणी लागते, तर पर्किन्समध्ये लायनर ब्लॉकमध्ये कोरडाच दाबून बसवलेला असतो.

गिअर बहुतेकांना सारखेच: तीन गिअर, त्यांना हाय-लो, म्हणजे पुढचे सहा आणि मागचे दोन. क्लच मात्र दोन प्रकारचे होते. साध्या मॉडेलला एकेरी, डीलक्सला दुहेरी. मालकाला नेमका हाच फरक आधी कोणी समजावून सांगितला नव्हता, आणि त्याच्या कामासाठी सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच होता.

अडचण

विकणाऱ्याने सांगितले होते: तीन सिलिंडर, ३७ अश्वशक्ती, दुहेरी क्लच. मालकाने मागे तीन-बिंदू जोडणीवर रोटरी मोवर (फिरत्या पात्यांचे गवत कापायचे यंत्र) लावला आणि तक्रारींची रांग लागली. क्लच दाबला की मोवर बंद पडतो आणि औजार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्टही जागच्या जागी थांबते. इंजिन बंद केले की उचललेला मोवर थोड्याच वेळात खाली येतो. काम चालू असताना तो मधेच आपोआप वर-खाली होतो. सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही आणि झाले की पांढरा धूर सोडते. सगळ्यात भीतीदायक म्हणजे, ओळीच्या टोकाला क्लच पूर्ण दाबूनही ट्रॅक्टर क्षणभर पुढे ढकलला जातो. एकदा तो झाडाच्या खोडापर्यंत गेला होता.

ज्या मेकॅनिकला आधी बोलावले त्याने दोन निदाने केली: हायड्रॉलिक पंप गेला आहे आणि इंजिन उघडावे लागेल. मालकाने पाटीवरचा क्रमांक कळवून इंजिनाचा किटही मागवून टाकला. तो आला तेव्हा त्यात चार पिस्टन होते. बॉनेटखालच्या इंजिनावर इंजेक्टर तीनच.

या टप्प्यावर मला बोलावण्यात आले.

पहिला निर्णय: आधी ओळख, मग पाना

मालकाला वाटत होते की लगेच पंप काढावा. मी त्याला थांबवले. जुन्या ट्रॅक्टरला साठ वर्षांत अनेक हात लागलेले असतात. कोणी इंजिन बदललेले असते, कोणी मागचा भाग दुसऱ्या ट्रॅक्टरचा जोडलेला असतो. पाटी सांगते ती कारखान्यातून निघालेल्या दिवसाची गोष्ट. समोर उभे असलेले यंत्र तेच आहे का, हे यंत्रालाच विचारावे लागते.

क्रमांकावरून ट्रॅक्टर १९५८ चा ठरला, म्हणजे मुळात चार सिलिंडरचा. इंजिनावर पर्किन्सचा शिक्का आणि तीन इंजेक्टर दिसत होते. मधल्या काळात कोणीतरी इंजिन बदलले होते, आणि या मॉडेलमध्ये असे पुष्कळदा आढळते. तेव्हा विकणारा सिलिंडरच्या बाबतीत खरे बोलला होता आणि पाटीही खोटी नव्हती. चूक झाली ती फक्त पाटीवर विसंबून सुटे भाग मागवण्यात.

क्लच ओळखण्यासाठी ट्रॅक्टर फोडायची, म्हणजे मधोमध सुटा करायची, गरज नव्हती. मोवर सोडवला, गिअर न्यूट्रलला ठेवला, पीटीओ (इंजिनाची ताकद मागच्या औजाराला देणारा शाफ्ट) लावला आणि मालकाला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगितले. दुहेरी क्लचमध्ये पेडलला दोन टप्पे असतात: अर्ध्यावर ट्रॅक्टरची चाल सुटते, पण पीटीओ फिरत राहतो, पूर्ण दाबल्यावर पीटीओही थांबतो. इथे असा टप्पा लागलाच नाही. पेडल दाबताच पीटीओ सुटला. क्लच एकेरी होता.

हे कळताच पहिल्या तक्रारीचे स्वरूप पालटले. या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप मागच्या भागात तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्याच शाफ्टवर चालतो. एकेरी क्लचमध्ये पेडल दाबले की पीटीओ सुटतो, पीटीओ सुटला की पंप थांबतो आणि पंप थांबला की लिफ्ट थांबते. तो बिघाड नव्हताच, रचनाच तशी आहे. निदान या एका कारणासाठी तरी पंप काढायचे काही कारण उरले नाही.

ट्रॅक्टर पुढे ढकलला जाण्याचे मूळही इथेच होते. मोवरची जड पाती फिरत असताना क्लच दाबला की इंजिन वेगळे होते, पण पीटीओ आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेलेच राहतात. पात्यांची फिरती ताकद शाफ्टमधून उलटी येते आणि गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोहोचते. चालकाला वाटते क्लच सुटलेला आहे, आणि मोवर मात्र ट्रॅक्टर ढकलत असतो. ब्रेक ढिले असले तर ही गोष्ट जिवावर बेतू शकते. इथे एका बाजूच्या मागच्या हबचे ऑईल सील गळून ब्रेकचे लायनिंग तेलकट झाले होते, म्हणजे दोन्ही धोके एकत्र आले होते.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे दुहेरी क्लच बसवणे. मालकाला हाच आवडला होता. पण या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा भाग एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. क्लचसाठी ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो. शिवाय दुहेरी क्लचला एकात एक बसणारे दोन शाफ्ट लागतात, म्हणजे फक्त क्लचप्लेट बदलून भागत नाही, गिअरबॉक्सच्या आतले भागही बदलावे लागतात.

दुसरा पर्याय: एकेरी क्लच तसाच ठेवून पीटीओवर फ्रीव्हील कपलिंग लावणे. ते ताकद एकाच दिशेने जाऊ देते. ट्रॅक्टर मोवरला फिरवतो, मोवर ट्रॅक्टरला फिरवू शकत नाही. ढकलण्याचा धोका यात पूर्ण जातो. लिफ्ट क्लचवर थांबणे मात्र तसेच राहते.

तिसरा, ट्रॅक्टर विकून डीलक्स मॉडेल शोधणे. यावर फार वेळ घालवला नाही. नव्याने घेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरचीही हीच तपासणी शून्यापासून करावी लागली असती.

मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने होतो आणि तसे मालकाला स्पष्ट सांगितले. काम फक्त गवताचे होते. बेलरसारखे (गवताचे गठ्ठे बांधणारे) यंत्र ओढायचे असते तर माझे मत उलटे असते, कारण तिथे ट्रॅक्टर थांबवून पीटीओ चालू ठेवणे पदोपदी लागते. गवत कापताना पुढे गवत दाट लागले तर आधीच खालचा गिअर घेता येतो.

दुसरा निर्णय: लिफ्टची गळती आधी का

मालकाच्या दृष्टीने लिफ्ट हळूहळू खाली येणे ही किरकोळ गोष्ट होती. मी मात्र तिला इंजिनाच्याही आधी घेतले. त्याचे कारण पुन्हा पंपाच्या रचनेतच आहे.

पंप क्लचच्या मागच्या शाफ्टवर चालत असल्यामुळे क्लच दाबलेला असेपर्यंत आणि इंजिन बंद असताना तो थांबलेला असतो. तेव्हा मोवर वर राहतो तो फक्त लिफ्टच्या सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलावर. तेल गळत असेल तर मोवर हळूहळू जमिनीकडे येतो आणि क्लच सोडला की पंप त्याला पुन्हा वर खेचतो. मालकाच्या बाबतीत हेच होत होते. हे का होते, याचा त्याने कधी विचार केलेला नव्हता.

मोवर आपोआप वर-खाली होण्याचे उत्तर सोपे निघाले. क्वाड्रंटवर, म्हणजे लिफ्टचे लिव्हर सरकतात त्या कमानीवर, दोन लिव्हर असतात. एक ड्राफ्ट कंट्रोलचा: नांगराला जमिनीचा विरोध वाढला की टॉप लिंक (तीन-बिंदू जोडणीचा वरचा दांडा) पुढे ढकलली जाते, तिच्या मुळाशी असलेली जाड स्प्रिंग दबते आणि हायड्रॉलिक औजाराला किंचित वर घेते. हॅरी फर्ग्युसनच्या पद्धतीचे मर्म हेच, आणि नांगरटीला तिच्यासारखी सोय नाही. दुसरा लिव्हर पोझिशन कंट्रोलचा, औजार ठरलेल्या उंचीवर ठेवणारा. मालक मोवरसाठी ड्राफ्टचा लिव्हर वापरत होता. मोवर जमीन फोडत नाही, त्यामुळे टॉप लिंकवर येणारा जोर दर खड्ड्याला बदलतो आणि यंत्रणा त्या प्रत्येक बदलाला उत्तर देत राहते. लिव्हर बदलताच हा त्रास थांबला. एक सुटा भागही लागला नाही.

केलेले काम

मागच्या भागाच्या तेलाची कांडी काढली तर तेल ताकासारखे पांढरट होते. या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच, त्यामुळे एका जागेतून शिरलेले पाणी सगळीकडे पोहोचते. इथे गिअर लिव्हरच्या मुळाशी असलेले रबर फाटले होते आणि ट्रॅक्टर उघड्यावर उभा असे. तेल काढून टाकले, रबर बदलले, नवे तेल भरून ट्रॅक्टर थोडा वेळ चालवला आणि तेही काढून टाकले, कारण पहिल्या खेपेत सगळे पाणी निघत नाही.

गळती शोधताना मोवर सोडवून त्या जागी वजन लावले आणि त्याच्याखाली मजबूत ठोकळे ठेवले. लिफ्टच्या भरवशावर उचललेल्या औजाराखाली हात घालायचा नाही, हा नियम गळती नसलेल्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. तेल कमी करून बाजूचे झाकण काढले, इंजिन बंद ठेवूनच विजेरी मारली. पंपाकडून वर सिलिंडरला जाणाऱ्या नळीच्या जोडातून तेलाची धार लागली होती. सिलिंडरचा पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्याकडून जाणवण्यासारखे काही येत नव्हते. नळीच्या ओ-रिंगा कडक होऊन चिरल्या होत्या. त्या बदलल्या. पंप जागचा हलवला नाही.

इंजिनाच्या बाबतीत धुराचा रंग पाहणे उपयोगी पडले. पांढरा धूर थंडपणी येत होता आणि इंजिन तापल्यावर जात होता. तो न जळलेल्या डिझेलचा असतो. निळा असता तर ऑईल जळते आहे असे मानून रिंगा-लायनरकडे वळावे लागले असते. पर्किन्सच्या या इंजिनात थंड सुरुवातीसाठी इनटेक मॅनिफोल्डमध्ये थर्मोस्टार्ट असतो. विजेने तापून तो थोडे डिझेल पेटवतो आणि आत जाणारी हवा गरम करतो. इथे त्याची वायर जोडलेली होती, पण त्याला डिझेल देणारी बारीक नळी बुजलेली होती. ती साफ केली. इंजेक्टर काढून तपासायला दिले, दोन नोझल बदलाव्या लागल्या. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर ०.०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३० मिमी ठेवली. फिल्टर बदलले, एअर काढली. इंजेक्टर बाहेर होते तेव्हाच त्या भोकांतून तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन घेतले. ते एकमेकांच्या इतके जवळ निघाले की इंजिन उघडण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

ब्रेकचे सील आणि लायनिंग दोन्ही बाजूंचे बदलले. फक्त गळणाऱ्या बाजूचे बदलले तर ब्रेक एका बाजूला ओढतो.

फ्रीव्हील कपलिंग लावल्यावर पीटीओचा शाफ्ट त्याच्या लांबीएवढा मागे जातो. मोवरचा टेलिस्कोपिक शाफ्ट तेवढा आखूड करावा लागला, नाहीतर लिफ्ट वर घेताना तो दाबला जाऊन गिअरबॉक्सचे बेअरिंग फोडतो. हे काम घाईत विसरले जाते. शाफ्टवर पूर्ण लांबीचे गार्डही नव्हते, तेही बसवले. मालकाला एक गोष्ट दोनदा सांगितली: आता क्लच दाबल्यावर पाती लगेच थांबणार नाहीत, आपल्या वेगाने फिरत राहतील. उतरण्याआधी ती थांबलेली डोळ्यांनी पाहायची. पीटीओच्या लिव्हरची तिसरी जागाही दाखवली. तिथे पीटीओ इंजिनाऐवजी चाकांच्या वेगाने फिरतो आणि ट्रॅक्टर मागे घेतला की उलटा फिरतो. मोवरसाठी ती जागा कधीही वापरायची नाही.

या ट्रॅक्टरला, तो उलटल्यास चालकाला वाचवणारा मूळचा सांगाडा नाही. तो बनला तेव्हा तशी पद्धतच नव्हती. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना असे संरक्षण बंधनकारक केले आणि इतर देश नंतर त्या वाटेने गेले. मालक गावात पाईप वेल्ड करून फ्रेम करून घेणार होता. त्याला मी ठाम विरोध केला. चाचणी न झालेली फ्रेम उलटताना मोडते आणि चालकाला जास्त इजा करते. या मॉडेलसाठी चाचणी झालेली दोन खांबांची फ्रेम आणि सीटबेल्ट यांवरच त्याने शेवटी खर्च केला. खर्चाच्या यादीतली सगळ्यात मोठी नोंद हीच ठरली, आणि मला ती सगळ्यात योग्य वाटते.

निष्पत्ती

ट्रॅक्टर आता बागेत रोज चालतो. इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होते आणि धूर लगेच निवळतो. मोवर उचलून पीटीओ न्यूट्रलला आणला तर बांध ओलांडून पुढच्या ओळीत जाईपर्यंत तो जागचा हलत नाही. रात्रभर उभा ठेवला तर सकाळपर्यंत थोडा उतरलेला असतो. सिलिंडरच्या पिस्टनची थोडी झीज त्यामागे असावी. त्यासाठी लिफ्टचे वरचे झाकण उतरवावे लागले असते, म्हणून ते काम आम्ही सोडून दिले. रात्री मोवर जमिनीवर टेकवून ठेवणे तसेही बरोबरच आहे.

मालकाने घेतलेला मोवर ट्रॅक्टरच्या मानाने रुंद आहे, ही तक्रार उरली. ३७ अश्वशक्ती इंजिनाची. पीटीओपर्यंत पोहोचताना त्यातली काही गिअर आणि तेलात जाते. ओल्या, दाट गवतात इंजिन दबते. सध्या तो अशा ठिकाणी अर्धी रुंदी घेऊन चालतो.

वेगळे काय करता आले असते

चार पिस्टनचा किट वाया गेला. तो मागवण्याआधी बॉनेट उघडून इंजेक्टर मोजले असते तर एवढे पुरले असते. पहिल्या मेकॅनिकचे निदान मी निष्काळजी म्हणणार नाही. लिफ्ट क्लचवर थांबते हे लक्षण त्याने बरोबर पाहिले होते. फक्त दुहेरी क्लच आहे हे विक्रेत्याचे म्हणणे त्याने धरून चालले, आणि ते खरे असते तर पंपावर संशय घेणे अगदी रास्त होते. पेडल सावकाश दाबून पाहण्याची ती एक चाचणी खरेदीच्या दिवशीच झाली असती, तर भावही वेगळा ठरला असता.

खरेदीचा क्रमही उलटा झाला. मोवर आधी निवडला गेला, ट्रॅक्टर नंतर. पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळते ते पाहून मोवरची रुंदी ठरवली असती तर ओल्या गवतातला त्रास राहिला नसता.

दुहेरी क्लचचा प्रश्न मालकाने कायमचा बंद केलेला नाही. आताची क्लचप्लेट झिजून ट्रॅक्टर फोडावाच लागेल, तेव्हा गिअरबॉक्स इंजिनापासून सुटलेलाच असेल आणि जास्तीची मजुरी त्या मानाने कमी लागेल. तोपर्यंत डीलक्स मॉडेलचा गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्टसकट, कुठे चांगल्या अवस्थेत मिळाला तर घेऊन ठेवायचा, असे आमचे ठरले आहे. फ्रीव्हील कपलिंग त्यानंतरही काढायचे नाही.